देवाला माफ करायला रक्त कशाला लागतं?

प्रश्न असा आहे की देव प्रेमळ आहे, सर्वसमर्थ आहे, तर तो सरळ माफ का करत नाही, मधे रक्त कशाला, कोणाचा तरी जीव गेल्याशिवाय त्याचा राग शांत होत नाही का, आणि ख्रिस्ती लोक "येशूच्या रक्ताने आमची सुटका झाली" म्हणतात तेव्हा ती किंमत नेमकी कोणाला दिली गेली. शेवटी असंही विचारलंय की एकदा रक्ताने माफी झाली तर पुढे कसंही वागलं तरी चालतं का. बरीच वर्षं बायबल शिकवतोय आणि माझा अनुभव असा की हे प्रश्न बाहेरच्या लोकांपेक्षा चर्चमधल्या लोकांच्या मनात जास्त असतात, ते बोलून दाखवत नाहीत एवढंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात. बायबलमधे अर्पणाचं रक्त देवाने माणसाला दिलेलं आहे. माणसाने देवाला खूश करायला काहीतरी शोधून आणलं असं चित्र तिथे नाहीये. देणारा कोण आणि घेणारा कोण ही दिशा उलटी धरली की सगळा विषय क्रूर वाटायला लागतो, आणि बहुतेकांनी ती उलटीच धरलेली असते.

हे मी मनाने सांगत नाहीये, जुन्या करारातलं अर्पणांच्या नियमांचं पुस्तक लेवीय, त्याचं १७:११ काढून बघा. तिथे तीन गोष्टी एका दमात सांगितल्यात, शरीराचा जीव रक्तात आहे, ते रक्त वेदीवर प्रायश्चित्त करायला मी तुम्हाला दिलंय, आणि जिवामुळेच रक्त प्रायश्चित्त करतं. मधलं वाक्य लोक वाचतात आणि पुढे जातात. "मी तुम्हाला दिलंय." बोलतोय कोण तर देव. रक्त माणसाने खायचं नाही हा नियम तर त्याही आधी नोहाला उत्पत्तीच्या ९व्या अध्यायात सांगितलेला, कारण जीव देवाचा आहे, तो माणसाच्या मालकीचा नाही. म्हणजे जी गोष्ट माणसाची नाहीच, ज्याला त्याने हात लावायचा नाही, तीच देव एका जागेपुरती, वेदीपुरती, त्याच्या हातात देतो आणि म्हणतो ही घे, हिच्याने तुझा माझा संबंध परत जुळेल. हे समजलं की पुढचं बरंच सोपं होतं.

अजून एक गोष्ट जी वाचताना सुटते. लेवीयच्या ४थ्या अध्यायात साधा माणूस पापार्पण आणतो तेव्हा पशूच्या डोक्यावर हात ठेवणं आणि वध करणं हे तो आणणारा माणूसच करतो, याजकाचं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते सगळं रक्ताचं आहे, बोटाने वेदीच्या शिंगांना लावायचं आणि बाकीचं पायथ्याशी ओतायचं. पशूला यातना द्याव्या, तो तडफडावा, असं अख्ख्या लेवीयमधे कुठे नाही. जोर मरण्याच्या वेदनेवर नाहीये, जीव देवाजवळ नेला जातो यावर आहे. आणि इतका गरीब माणूस असेल की दोन पारवेसुद्धा परवडत नाहीत तर लेवीय ५:११ म्हणतं एफाचा (धान्य मोजायचं जुनं माप) दहावा भाग सपीठ आणलं तरी चालेल, तेच त्याचं पापार्पण, रक्ताचा थेंब नाही आणि तरी त्याला क्षमा होते. म्हणूनच नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात, ९:२२ मधे रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही हे वाक्य येण्याआधी "बहुतेक सगळं" रक्ताने शुद्ध होतं असं म्हटलंय, त्या लेखकाला लेवीय पाठ होतं. रक्त पाहिल्याशिवाय देवाला बरं वाटत नाही असा जर नियम असता तर पिठाची सूट मिळालीच नसती.

आता लोक रक्त म्हटलं की सगळं एकाच डब्यात टाकतात पण जुन्या करारात किमान तीन वेगळे प्रसंग आहेत आणि येशूच्या मरणाबद्दल बोलताना नवा करार तिन्ही वापरतो, ते वेगळे ठेवले नाहीत तर गोंधळ होतो.

पहिला वल्हांडण, म्हणजे मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटकेचा सण, निर्गम १२. एक वर्षाचं निर्दोष कोकरू, पहिल्या महिन्याच्या १४व्या दिवशी संध्याकाळी कापायचं, एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि वरच्या पट्टीला लावायचं, आणि मांस भाजून सगळ्यांनी घरात बसून खायचं. इथे पापक्षमेचा शब्दही नाही हे लक्षात घ्या. हे गुलामगिरीतून सुटण्याचं रक्त आहे, त्या घराला मरणापासून वाचवणारं आणि सकाळी फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, देशातून बाहेर काढणारं.

दुसरा सीनाय पर्वताच्या पायथ्याशी, निर्गम २४. मोशे अर्धं रक्त वेदीवर टाकतो, मग कराराचं पुस्तक वाचून दाखवतो, लोक म्हणतात आम्ही सगळं पाळू, आणि उरलेलं अर्धं तो लोकांवर शिंपडतो. एकच रक्त दोन्ही बाजूंना, देवाच्या आणि लोकांच्या. हे नातं जोडण्याचं रक्त आहे. येशू शेवटच्या भोजनात प्याला हातात घेऊन म्हणतो की हे माझं कराराचं रक्त आहे, पुष्कळांसाठी ओतलं जातंय, तेव्हा त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येक यहुद्याच्या डोक्यात हाच प्रसंग आला असणार, आणि त्यात मत्तय "पापांच्या क्षमेसाठी" हेही जोडतो, म्हणजे यिर्मया ३१ मधला नवा करार, ज्यात देव म्हणतो की मी त्यांचं पाप परत आठवणार नाही.

तिसरा प्रायश्चित्ताचा दिवस, लेवीय १६, आणि यावर मला थोडं थांबायचंय कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. वर्षातून एकदा प्रमुख याजक पडद्याच्या आत, परमपवित्रस्थानात, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या सगळ्यात आतल्या खोलीत जायचा. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा, मग लोकांसाठी दोन बकरे, चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी आणि एक अजाजेलासाठी, म्हणजे रानात सोडायचा. पहिल्याचा वध होतो आणि त्याचं रक्त दयासनावर (कराराच्या कोशाचं सोन्याचं झाकण) आणि दयासनासमोर शिंपडलं जातं. दुसऱ्याच्या डोक्यावर प्रमुख याजक अहरोन दोन्ही हात ठेवतो, सगळ्या लोकांची पापं मोठ्याने कबूल करतो, ती त्या बकऱ्यावर ठेवतो आणि त्याला रानात पाठवून देतो, जिवंत! म्हणजे पापं ज्याच्यावर लादली तो मारला जात नाही, आणि जो मारला जातो त्याचं रक्त जागा शुद्ध करतं, म्हणजे देव या अशुद्ध लोकांच्या मधे राहू शकेल. पाप दूर नेणं आणि देवाजवळची वाट मोकळी करणं ही दोन कामं आहेत आणि त्या दिवशी ती दोन बकऱ्यांत वाटलेली दिसतात. योहान १:२९ मधे बाप्तिस्मा करणारा योहान येशूकडे बोट दाखवून म्हणतो की जगाचं पाप वाहून नेणारा हा देवाचा कोकरा, आणि इब्री लोकांस पत्रात तोच येशू स्वतःचं रक्त घेऊन खऱ्या पवित्रस्थानात गेला. दोन्ही कामं एकाच माणसात आली.

इथे कोणीतरी म्हणेलच की मग संदेष्टे यज्ञाला शिव्या का घालतात. होशेय ६:६ मधे मला यज्ञ नको दया हवी, यशया १ मधे तुमच्या बैलांच्या रक्ताचा मला कंटाळा आलाय, मीखा ६ मधे तर माणूस विचारतो की हजारो मेंढरं देऊ का, माझा पहिला मुलगा देऊ का, आणि उत्तर येतं की न्यायाने वाग, दयेची आवड धर, देवापुढे नम्रपणे चाल. माझ्या मते हे यज्ञाच्या विरुद्ध नाही, पण यज्ञाची दिशा उलटी करणाऱ्यांच्या विरुद्ध मात्र शंभर टक्के आहे. देवाने दिलेली भेट लोकांनी देवाला गप्प करायचं साधन बनवली, आठवडाभर गरिबाला लुबाडायचं आणि मग बैल कापून हिशोब मिटवायचा. देव म्हणतो हे नको मला.

आता "सरळ माफ का करत नाही" या प्रश्नावर येऊ. मला वाटतं की सरळ, फुकटची माफी अशी गोष्ट माणसांमधेही नसते. कोणी माझे पैसे बुडवले आणि मी म्हटलं जा सोडून दिले, तर ते पैसे हवेत गायब होत नाहीत, तो तोटा मी स्वतःवर घेतलेला असतो. माफ करणाऱ्याला नेहमीच काहीतरी सोसावं लागतं, आणि अपराध जितका खोल तितकं जास्त. मुलाचा जीव घेणाऱ्याला माफ करणाऱ्या आईला विचारा ते "सरळ" होतं का. वधस्तंभ म्हणजे देवाने जगाचा तोटा तिसऱ्या कोणावर न ढकलता स्वतःवर घेतला असं ख्रिस्ती विश्वास म्हणतो. स्वतःवर हा भाग फार महत्त्वाचा आहे. रागावलेला बाप, बिचारा निरपराध मुलगा, आणि बाप मुलाला मारून शांत झाला, असं चित्र पुष्कळ उपदेशांतून नकळत उभं राहतं आणि ते बायबलचं नाही. पौल २ करिंथ ५:१९ मधे लिहितो की देव ख्रिस्तामधे जगाचा स्वतःशी समेट करत होता. रोम ५:८ मधे क्रम बघा, आपण पापी असतानाच देवाचं प्रेम दिसलं, म्हणजे प्रेम आधी आहे आणि वधस्तंभ त्यातून आलाय, वधस्तंभामुळे देव प्रेम करायला लागला असं नाही. आणि येशू योहान १०:१८ मधे म्हणतो माझा प्राण कोणी माझ्याकडून घेत नाही, मी स्वतःहून देतो. ज्याचा अपराध झालाय, जो न्याय करणार आणि जो भार उचलतोय तो एकच देव आहे, हे त्रैक्याचं शिक्षण (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) बाजूला ठेवलं तर रक्ताचं शिक्षण खरंच भयानक होतं, मी ते मान्य करतो.

एक वेगळाच मुद्दा, मला फार आवडतो. वधस्तंभ ही रोमन शिक्षा, आणि त्यात माणूस मुख्यतः रक्त वाहून मरत नसे, तासन्‌तास लटकून, थकून, श्वास अडकून मरायचा. चारही शुभवर्तमानांत खिळण्याचं वर्णन अगदी एकेका वाक्यात उरकलंय, रक्त किती वाहिलं यावर कोणी शब्द घालवत नाही, फक्त योहान १९:३४ मधे मेल्यानंतर भाल्याने कूस भोसकल्यावर रक्त आणि पाणी निघाल्याचं येतं. आणि तरी पौल, पेत्र, योहान, इब्रीचा लेखक सगळे सारखे "त्याचं रक्त, त्याचं रक्त" म्हणतात. का? कारण ते शरीरातल्या द्रवाबद्दल बोलत नाहीयेत, ते वेदीची भाषा बोलतायत, रक्त म्हणजे मरणापर्यंत दिलेलं जीवन. म्हणून फटक्यांचं आणि जखमांचं रंगवून रंगवून वर्णन करून लोकांना रडवणारे उपदेश मला पटत नाहीत. प्रेषितांनी तसं केलं नाही, आपण का करावं.

आता किंमत कोणाला दिली. मार्क १०:४५ मधे येशू म्हणतो की मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलाय, आणि १ पेत्र १:१८-१९ मधे तुमची सुटका सोन्या-रुप्याने नाही तर निर्दोष कोकऱ्यासारख्या ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने झाली असं आहे. खंडणी म्हटली की घेणारा कोणीतरी पाहिजे असं वाटणारच. सुरुवातीच्या शतकांत काही मोठ्या लोकांनी उत्तर दिलं की सैतानाला दिली, चौथ्या शतकातल्या नीसाच्या ग्रेगरीने तर गळाचं चित्र काढलं, माणूसपणाचं आमिष आणि आत देवपणाचा गळ, सैतानाने गिळलं आणि फसला. पण त्याच काळातला नाझियांझसचा ग्रेगरी याने स्पष्ट विचारलं की लुटारूला खंडणी आणि तीही स्वतः देव, हे कसं शक्य आहे, आणि पित्याला म्हणावं तर ज्या पित्याने अब्राहामाच्या हातून त्याचा मुलगा इसहाकही अर्पण म्हणून घेतला नाही तो एकुलत्या पुत्राच्या रक्ताने आनंदी कसा होईल. मला हा प्रश्न आजही सगळ्यात नेमका वाटतो. पुढे कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ मधे पूर्ण केलेल्या ग्रंथात मांडलं की पापाने देवाचा मान हिरावला गेला आणि त्याची भरपाई देव-माणूसच करू शकतो, फ्रेंच धर्मपंडित आबेलार्डने बाराव्या शतकात त्या मरणात दिसणाऱ्या प्रेमाने माणसाचं मन बदलतं यावर भर दिला, सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट चर्च वेगळी झाली त्या सुधारणेच्या काळात लूथर आणि विशेष करून कॅल्विनने नियमशास्त्राची शिक्षा ख्रिस्ताने आपल्या जागी भोगली हे पुढे आणलं. प्रत्येकात बायबलचा काहीतरी धागा आहेच, शिक्षेचा धागा यशया ५३ (दुसऱ्यांच्या अपराधांसाठी सोसणारा सेवक) वाचल्यावर नाकारता येत नाही. पण एक लक्षात ठेवा की ३२५ ची नायसिया, ३८१ ची कॉन्स्टँटिनोपल, ४५१ ची काल्सेदोन, या मोठ्या सभांनी ख्रिस्त कोण आहे हे शब्दाशब्दाने ठरवलं, पण त्याच्या मरणाने तारण नेमकं कसं होतं याची एकच थिअरी सगळ्यांवर बंधनकारक केली नाही. त्यामुळे कोणी म्हणालं की माझी थिअरी मानली नाहीस तर तू ख्रिस्ती नाहीस तर घाबरू नका.

माझं स्वतःचं उत्तर निर्गममधून येतं. निर्गम ६:६ मधे देव म्हणतो मी तुमची सुटका करीन, तोच सुटकेचा शब्द, आणि फारोला काय मिळालं? एक पैसाही नाही. यशया ५२:३ मधे तर सरळ म्हटलंय की तुम्ही फुकट विकले गेलात आणि पैशाशिवाय सोडवले जाल. म्हणजे सुटकेला खर्च आला, तो सोडवणाऱ्याने सोसला, पण ती रक्कम कोणाच्या खिशात गेली हा प्रश्न त्या गोष्टीतच नाही. किंमत खरी आहे, पावती शोधू नका.

याला जोडून लेवीय २५ बघाच. कर्जापायी माणूस स्वतःला विकून बसला तर त्याला सोडवायचा हक्क कोणाला? भाऊ, काका, चुलतभाऊ, जवळच्या रक्ताच्या नातेवाईकाला. रूथच्या पुस्तकात बवाज हेच करतो, नामीच्या घराण्याची जमीन सोडवतो आणि रूथला पदरात घेतो, आणि त्याच्याआधी हक्क असलेला दुसरा नातेवाईक स्वतःचं नुकसान होईल म्हणून मागे हटतो. परका माणूस हे करू शकत नाही, नातं लागतं. इब्रीचा दुसरा अध्याय हाच धागा पकडतो, मुलं रक्तमांसाची होती म्हणून तोही रक्तमांसाचा झाला, त्यांना भाऊ म्हणायला तो लाजत नाही, आणि मरणाच्या भीतीने जन्मभर गुलामीत अडकलेल्यांना त्याने मोकळं केलं. म्हणजे येशूच्या रक्ताबद्दल बोलायचं तर सुरुवात वधस्तंभापासून होत नाही, तो बाळ म्हणून जन्मला आणि आपला नातेवाईक झाला तिथपासून होते.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे चर्चमधे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्याबद्दल, थोडंच. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मानतात की भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५६२ मधे म्हटलं की मिस्सात (त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत) तोच एक यज्ञ रक्त न सांडता अर्पण होतो, आणि प्रोटेस्टंटांमधे लूथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली १५२९ ला मारबुर्गमधे भेटले तर बाकी जवळपास सगळ्यावर जमलं पण यावरच तुटलं. मतभेद मोठे आहेत. पण सगळ्यांना जो धक्का बसायला हवा तो योहान ६ मधला आहे, ज्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या रक्त तोंडाला लावायचं नाही असं सांगितलं त्यांना येशू म्हणतो माझं रक्त प्या, आणि पुष्कळ शिष्य तिथूनच निघून गेले. जीव देवाचा म्हणून मनाई होती, आता देवच स्वतःचा जीव प्यायला देतोय. देण्याची दिशा तीच, फक्त आधी वेदीपुरती होती ती आता थेट माणसाच्या आत आली.

माझ्याकडे येणाऱ्यांमधे दोन प्रकार जास्त दिसतात. एक, ज्यांना कितीही वेळा क्षमा मागितली तरी हलकं वाटत नाही, जुनं पाप दर काही महिन्यांनी उकरून काढतात, उपास करतात, स्वतःला काहीतरी शिक्षा लावून घेतात. त्यांना मी इब्री ९ आणि १० बसून वाचायला लावतो, हळूहळू, मोठ्याने. तिथे मुख्य मुद्दा असा की मंदिरातला याजक रोज उभा राहून तेच तेच यज्ञ करत होता आणि ख्रिस्त एकदाच अर्पण करून बसला. उभा आणि बसलेला, हा फरक. काम संपलं म्हणून बसला. ९:१४ म्हणतं हे रक्त विवेकभाव शुद्ध करतं, आणि १०:१९ म्हणतं त्या रक्तामुळे आत जायचं धैर्य आहे, आणि मत्तयमधे येशू मेला त्याक्षणी मंदिराचा पडदा वरून खालपर्यंत फाटला. तुम्ही स्वतःला लावून घेतलेली शिक्षा त्या रक्तात काही भर घालत नाही, हे ऐकायला कडक वाटतं पण ज्याला कळतं त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरताना मी बघितलंय.

दुसरे जे "येशूचं रक्त, येशूचं रक्त" असं घराला, प्रवासाला, आजारपणाला वापरतात, जास्त वेळा म्हटलं की जास्त संरक्षण. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे आणि संकटात ते नाव तोंडात येणं चांगलंच आहे, पण प्रेषितांच्या कृत्यांत एकही प्रेषित असं करताना दिसत नाही, आणि प्रकटीकरण १२:११ ज्याचा आधार देतात तिथे कोकऱ्याच्या रक्ताने जिंकलेले लोक मरणापर्यंत आपल्या जिवावर प्रेम न करणारे आहेत. संकट टळलं म्हणून ते जिंकले असं तिथे लिहिलेलं नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, मग कसंही वागलं तरी चालतं का. नाही, आणि याचं उत्तरही लेवीयमधेच आहे, ६व्या अध्यायात. एखाद्याने शेजाऱ्याला फसवलं, ठेव दाबली, लुबाडलं, तर त्याने आधी मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा त्या माणसाला परत द्यायचा, आणि मग दोषार्पणाचा मेंढा. रक्ताने परतफेडीची सुट्टी कधीच मिळत नव्हती. येशू मत्तय ५ मधे तेच म्हणतो, वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. जक्कय नावाच्या जकातदाराने, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो म्हटल्यावर येशू म्हणाला आज या घराला तारण झालं. म्हणून तुम्हाला क्षमा मिळाली आहे आणि कोणाचे पैसे, जमीन, किंवा बदनामी करून घालवलेलं नाव अजून तुमच्याकडे अडकलंय, तर पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी त्या माणसाला फोन करा.